गणितातून सूट

४ जुलै

ताई,

चार वर्षं तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही, फिट्टंफाट. आता लिहितोय ते तू माझ्या वर्गात पाठवलेल्या मुलीमुळे. हे तू मुद्दाम केलंस की नाही, एवढंच सांग. शहरात शाळा काय एकच आहे?

(पत्र वाचून दाखवणाऱ्या तुमच्या अंधशाळेतल्या कारकूनबाईंना नमस्कार. बाई, मी रागावलेलो असेन तिथे तुम्ही आवाज चढवू नका. ती माझी बहीण आहे, तिला तसंच कळतं.)

सोमवारी ती मुलगी तिच्या मामाबरोबर आली. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "दृष्टिहीन मुलगी आपल्या शाळेत नववीला येतेय, ही अभिमानाची गोष्ट आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या तुकडीत घालायची?" त्याबरोबर सगळ्यांना वह्या तपासायच्या आठवल्या. विज्ञानाचे सर म्हणाले, "प्रयोगशाळेत ॲसिड असतं. माझं मुलीबद्दल काही म्हणणं नाही, ॲसिडबद्दल आहे." भाषेच्या बाईंचे डोळे भरून आले, ते रेडिओवर बातम्या ऐकतानाही भरतात. "बिचारी," त्या म्हणाल्या, "आपण हिला काय देणार?" आणि पुढच्या वहीकडे वळल्या. ती माझ्या तुकडीत आली, कारण त्या वेळी मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो.

आता माझ्या तासाचं ऐक. माझा फळा बघायला दुसऱ्या शाळांतले शिक्षक येतात. डावीकडे सूत्र, मध्ये उदाहरण, उजवीकडे ताळा, आणि तास संपेपर्यंत एकही अक्षर पुसायला लागत नाही. तुला सांगून काय उपयोग. (बाई, हे शेवटचं वाक्य खोडलं आहे. खोडलेलं वाचायचं नसतं.)

तर मी लिहीत होतो आणि सवयीने म्हणत होतो, "हे याच्यातून वजा केलं की हे राहिलं, म्हणून हे एवढं." पहिल्या बाकावरून हात वर आला. "सर, हे म्हणजे काय?" वर्ग हसला. मी म्हटलं, "फळ्याकडे..." आणि थांबलो. वर्ग अजून हसला.

मला त्या क्षणी तिचा नाही, तुझा राग आला. माझ्या सत्काराच्या दिवशी तू मागच्या बाकावर बसून माझा नमुना पाठ ऐकलास आणि माइक हातात आल्यावर म्हणालीस, "भावाचा तास ऐकला. पाऊण तास खडूचा आवाज आला. खडू चांगला आहे." लोक पोट धरून हसले. मी काही हसलो नाही.

मामा सांगत होता, तिला गणित घेऊन पुढे शिकायचंय. तुमच्या अंधशाळेत आठवीच्या पुढे गणित शिकवायला कुणी नाही, म्हणून गणिताची बाई होऊन तिला तिथेच परत यायचंय. मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "अहो, परीक्षा मंडळ अशा मुलांना गणितातून सूट देतं. नोव्हेंबरअखेर अर्ज करायचा, तुमची सही लागते. गणिताऐवजी सोपा विषय. तिचाही त्रास वाचेल, तुमचाही." एकदा सूट घेतली की गणिताकडे परत यायची वाट बंद, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, बघू.

तुझा,
खडूवाला भाऊ


२२ जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही. बरं.

मी बोलायला लागलोय. तुझ्यासाठी नाही, त्या मुलीसाठी. ती रोज "हे म्हणजे काय?" विचारते, न कंटाळता, न लाजता, बसचा नंबर विचारावा तसं. शेवटी मीच कंटाळलो.

पण हे वाटतं तितकं सोपं नाही. तोंड सुरू झालं की हात थांबतो आणि हात सुरू झाला की तोंड बंद होतं. तीस वर्षं दोघांची गाठच पडली नव्हती. परवा मी तोंडाने "सात" म्हणालो आणि हाताने नऊ लिहिला. मला पत्ताच नाही. उदाहरण पुढे गेलं, शेवटी उत्तर काय आलं विचारलं, तर वर्गात दोन उत्तरं! बघून लिहिणाऱ्यांचं एक, ऐकून लिहिणाऱ्यांचं दुसरं. ती म्हणाली, "सर, तुम्ही सात म्हणालात." मुलं म्हणाली, "सर, नऊ लिहिलंय." पाच मिनिटं माझ्याच वर्गात माझ्यावर खटला चालला. आणि तिने सातावरून काढलेलं उत्तर बरोबर होतं, तेही तोंडी, कारण पुस्तकात सातच आहे.

एक गंमत सांगतो. शेवटच्या बाकावर एक लांबोडा मुलगा आहे, दोनदा नापास झालेला. तास संपल्यावर येऊन म्हणाला, "सर, आता कळतं थोडं. आधी नुसतं उतरवून घ्यायचो." मी त्याला म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "वाटलं, सगळ्यांना कळतंय."

मुलगी हुशार आहे. उगाच कौतुक म्हणून नाही. समीकरण एकदा ऐकते, मान किंचित डावीकडे वळवते, आणि माझं लिहून होण्याआधी उत्तर सांगते. तू मला पाढे पाठ करून घेताना अशीच मान वळवायचीस. मी अडखळलो की टपली मारायचीस, आणि तुझा नेम कधी चुकायचा नाही.

फळ्यावरचं माझं अक्षर मात्र बिघडलंय. ओळी खाली उतरतात. काल मोठ्या बाई दारातून बघून गेल्या.

भाऊ


१६ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. वा. चार वर्षांनी लिहिलंस आणि तेही ब्रेलमध्ये! जाड कागदावर नुसते उंचवटे. मी ते उजेडात धरून बघितलं, उलटं करून बघितलं, भाषेच्या बाईंनी हात फिरवून बघितला आणि त्यांचे डोळे भरले. तुला ठाऊक होतं, ते वाचायला मला तिच्याचकडे जावं लागणार. तुझ्या खोड्या म्हातारपणीही जात नाहीत.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिला वाचायला दिलं. तिने बोटं फिरवत एका सुरात वाचलं, धडा वाचावा तसं: "तुझी पत्रं ऐकली, रागावलेलीही. मुद्दामच पाठवली. मला शिकवायला कुणी नव्हतं म्हणून मी पाढ्यांपाशी थांबले. तिला थांबू देऊ नकोस. फळा राहू दे, फक्त बोल." 'तिला' म्हणजे आपण, हे कळूनही तिने आवाज हलू दिला नाही. मग कागदाची नीट घडी घालून म्हणाली, "सर, उत्तर लिहायचं असेल तर मी टोचून देईन." मी म्हटलं, माझं मी लिहीन. तिच्यासमोर तुला काय लिहिणार होतो?

आता इकडचं ऐक. दुसऱ्या तुकडीला गणित शिकवतात त्यांना मुलं एक्सप्रेस म्हणतात, कारण ते मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत. ते माझ्या तीन धडे पुढे आहेत. आमच्या वर्गाचे पालक भेटून गेले. कुणी वाईट बोललं नाही, तेच अवघड जातं. एक आई म्हणाली, "आम्हाला तिच्याबद्दल सहानुभूतीच आहे सर, पण आमच्या मुलांनी काय पाप केलंय?" एका वडिलांना ब्रेलच्या आवाजाची अडचण होती. ती पाटीवर कागद अडकवून लेखणीने टोचत लिहिते, तो टकटक आवाज त्यांच्या मुलाच्या डोक्यात जातो म्हणे. मुलांनी तिचं नावच टकटक ठेवलंय. तिला ते आवडतं, निदान ती तसं म्हणते.

स्टाफरूममध्ये विषय निघाला. विज्ञानाचे सर म्हणाले, "अहो, यासाठी वेगळं शिक्षण घेतलेले लोक असतात. आपण दातांच्या डॉक्टरने हृदय उघडावं तसं करतोय." सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही थोडं पटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "मग सूट?" मी म्हटलं, "नाही. ती गणित करेल." एक्सप्रेस हळूच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण."

मी 'नाही' म्हणालो, हे तुला कळावं म्हणून आजचं पत्र.

भाऊ


२८ सप्टेंबर

ताई,

सहामाही झाली. ती गणितात नापास आहे.

रागावण्याआधी पूर्ण ऐक. तिने तोंडी सांगायचं आणि लेखनिकाने लिहायचं, असा नियम. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, म्हणून आठवीतली एक मुलगी दिली. भली पोर, पण वर्गमूळ तिला अजून शिकवलेलंच नाही. ही सांगते, "सगळं वर्गमुळात," आणि ती चिन्ह पहिल्याच आकड्यावर काढून मोकळी. ही म्हणते, "कंसाबाहेर दोन," ती दोन कंसात घालते. भूमितीच्या प्रश्नात आकृती बघून उत्तर लिहायचं होतं. ती आकृती हिला कुणी सांगितली नाही, कारण सांगितली तर ती मदत होते म्हणे.

पेपर माझ्याकडेच आला. कागदावर काय लिहिलंय आणि ती काय म्हणाली असेल, दोन्ही मला दिसत होतं. गुण कागदावरच्या उत्तरांना द्यायचे असतात. मी तसे दिले. मोठ्या बाईंना म्हणालो की लेखनिक बदलायला हवा, वरच्या वर्गातली द्या. त्या म्हणाल्या, "नियम माझा नाही हो." त्यांचंही खरं आहे. इथे प्रत्येकाचं काहीतरी खरं असतं.

निकाल सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "सर, मी चूक सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." "मग ठीक आहे," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

आता माझं ऐक. डॉक्टरांनी घसा बघितला. दिवसाचे सहा तास सलग बोलायची सवय नाही, आत सूज आहे, आवाजाला विश्रांती द्या, म्हणाले. म्हणून आठवडाभर मी पुन्हा फळ्यावर शिकवतोय. फक्त आठवडाभर. बाकी मुलं एकदम शांत झाली, भराभर उतरवून घेऊ लागली. एक धडा चार तासांत संपला. मोठ्या बाई दारात थांबल्या, फळ्याकडे बघून हसल्या. ती पाटी समोर घेऊन बसते. टोचायला काही नसतं, म्हणून टकटकही नसते.

घसा बरा झाला की सुरू करतो.

भाऊ


२१ नोव्हेंबर

ताई,

जवळजवळ दोन महिने लिहिलं नाही. घसा कधीच बरा झाला.

गणितातून सूट मागणारा अर्ज गेला. हे असं लिहिलं की अर्ज आपल्या पायांनी चालत गेल्यासारखा वाटतो. सही माझी आहे. तिने स्वतः मागितली म्हणून केली. स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, मला सूट द्या. गणित मला झेपत नाही." सगळ्यांनी ऐकलं. भाषेच्या बाई उठून तिच्या डोक्यावर हात ठेवून आल्या. विज्ञानाचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." मी तिला थांबवलं नाही.

इथपर्यंतच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग तुला वाटेल, पोरगी खचली. ती खचली नव्हती. आता पुढचं लिहितो. बाई, हे मात्र नीट वाचा, एकही शब्द गाळू नका.

आदल्या दिवशीची गोष्ट. घसा बरा झाल्यावर मी पुन्हा बोलायला लागलो होतो, आणि पालक पुन्हा मोठ्या बाईंकडे जाऊन आले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी हुकूम देत नाही. तुम्हीच वर्गाला विचारा. मुलं खोटं बोलत नाहीत." मला ते बरोबर वाटलं. फक्त तिच्यासमोर कसं विचारायचं? तिला वाईट वाटायला नको होतं. मग मी मला येतं तेच केलं. फळ्यावर स्वच्छ, मोठ्या अक्षरात लिहिलं: "ज्यांना पूर्वीसारखं फळ्यावर शिकवलेलं हवं आहे, त्यांनी हात वर करा. बोलू नका."

ताई, मी हे तिच्या भल्यासाठी केलं. तिला कळू नये म्हणून.

मुलांनी वाचलं. मग एक हात वर गेला, मग शेजारचा, मग सगळा वर्ग. लांबोड्या मुलाने तिच्याकडे बघितलं, खाली बघितलं, मग त्यानेही हात अर्धा वर केला. एवढी शांतता माझ्या वर्गात कधी नव्हती. ती पहिल्या बाकावर. तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. बाही सरकल्याचा आवाज, बाक करकरल्याचा आवाज, इतक्या जणांनी एकदम काही केल्याचा आवाज. तिला तो ऐकू येणार नाही असं मला का वाटलं? तुझ्यासोबत लहानाचा मोठा झालो मी. दाराबाहेर चपला काढल्याच्या आवाजावरून कोण आलंय हे तू सांगायचीस.

"सर, काय चाललंय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "फळा पुसतोय."

आणि खरंच पुसला. थोड्या वेळाने तिने शेजारणीला हळूच विचारलं, "किती?" शेजारीण रडायला लागली. तेवढ्यावरून तिला आकडा कळला असणार.

दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. "झेपत नाही असं का म्हणालीस? तुला झेपतं." ती म्हणाली, "हो सर. पण तसं म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही."

मी आत येऊन सही केली. तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? हलकं वाटलं. जेवण गेलं, झोपही लागली. तू मला काहीही म्हण.

भाऊ


९ डिसेंबर

ताई,

तुझा फोन येऊन गेल्याचं मला आज कळलं.

तुला काय ऐकू आलं असेल, याचा सकाळपासून विचार करतोय. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगतो. सूट मिळाल्यावर गणिताच्या तासाला तिला कुठे बसवायचं हा प्रश्न होता. वाचनालयात तिच्यासाठी पुस्तक नाही. व्हरांड्यात बसवलं तर येणारे-जाणारे बघतात आणि शाळेचं नाव जातं. ऑफिसात कारकून एकटा, त्याला त्या वेळी बँकेत जावं लागतं. मोठ्या बाईंना कल्पना सुचली. तिला फोनपाशी बसवलं. "नमस्कार, बोला, आपल्याला कोण हवंय?" इतकं गोड बोलते की पालक विचारतात, ही नवीन बाई कोण ठेवली? शिक्षकांचे आवाज तिला पाठ आहेत, कुणाचा तास कुठे आहे हेही पाठ. स्टाफरूममध्ये सगळे खूश आहेत. विज्ञानाचे सर म्हणाले, "बघा, प्रत्येकाची एक जागा असतेच." भाषेच्या बाईंनी तिच्यावर वार्षिक अंकासाठी लेख लिहिलाय, त्यात माझंही नाव आहे, चांगल्या अर्थाने. पाहुणे आले की मोठ्या बाई आधी ऑफिस दाखवतात.

माझा वर्ग एक्सप्रेसच्या बरोबरीला आलाय. लांबोडा पुन्हा नुसतं उतरवून घेतो.

आज मधल्या सुटीत ती मला म्हणाली, "सर, काल ताईंचा फोन आला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"काय म्हणाल्या?"

"तुम्हाला बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, सर तासावर आहेत. त्यांनी माझा आवाज ओळखला. म्हणाल्या, तू ऑफिसात काय करतेस? मी म्हटलं, फोन घेते. मग विचारलं, आत्ता तुझा कुठला तास आहे? मी म्हटलं, गणिताचा."

"मग?"

"मग काही नाही, सर. त्या लाइनवर होत्या, पण बोलत नव्हत्या. श्वास ऐकू येत होता. मी दोनदा 'बोला' म्हटलं. मग मीच ठेवला. लाइन अडकून राहिली तर दुसऱ्या कुणाचा फोन लागत नाही ना."

तिने हे कसलीही तक्रार नसल्यासारखं सांगितलं. कामाचं सांगावं तसं. नंतर विचारलं, "मी ठेवला ते बरोबर केलं ना, सर?" मी म्हटलं, बरोबर केलंस.

तू मला काय सांगायला फोन केला होतास, ते मी विचारत नाही. अर्ज मंजूर होऊन आलाय, आता कुणालाही काही करता येत नाही, मी चौकशी केली. फार नाही केली, पण केली. पुन्हा फोन करावासा वाटला तर संध्याकाळी घरी कर. शाळेत करायचाच झाला तर गणिताच्या तासाला नको. तीच उचलते.

भाऊ